मामींच्या मेंदूचे दोन फोटो

ज्या डॉक्टरच्या हाताखाली मी चेन्नईत चार वर्षं एमआरआय टेक्निशियन म्हणून काढली, त्याची मला पहिल्यांदा किळस आली ती त्याच्या बोटांमुळे. मशीनच्या बाहेरची जी काचेची खोली असते, जिथून आम्ही मशीन चालवतो, तिथे पाण्याची बाटलीसुद्धा आणायची नाही असा नियम त्यानेच लावला होता. आणि त्याच खोलीत तो खुर्चीत रेलून वडा खायचा. समोरच्या पडद्यावर कुणाचा तरी मेंदू दिसत असला की तेलाचं बोट थेट पडद्यावर टेकवायचा. "हे बघ, किती छान सुकलाय," म्हणायचा. तो गेला की मी कापसाला स्पिरिट लावून पडदा पुसायचो. ठसा जायचा, पण चटणीचा एखादा कण कडेच्या फटीत अडकून राहायचा आणि दोन दिवसांनी वास मारायचा.

मी आज त्याला 'तो' म्हणतोय. तिथे असताना 'सर' म्हणायचो, आणि तेही जरा वाकूनच. त्या वाकण्याचीही किळस येते, पण ते पुढे सांगतो.

मी मूळचा सोलापूरकडचा. मिरजेला रेडिओग्राफीचा डिप्लोमा केला. थोरला भाऊ चेन्नईच्या बाहेर संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला होता, त्याच्या आधाराने मी तिकडे गेलो. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मैलापूरपासून जवळच एका खाजगी इस्पितळात एमआरआयचं मशीन होतं आणि तिथे रात्रपाळीला कुरकुर न करणारा, मुकाट काम करणारा माणूस हवा होता. मुकाट काम करणारा म्हणून माझी ख्याती पहिल्या सहा महिन्यांतच झाली.

रविवारी दुपारी पेशंट नसायचे, तेव्हा मशीन संशोधनाला दिलेलं असायचं. म्हातारपणी मेंदू कसा बदलतो याचा तो अभ्यास होता. तीन प्रकारची माणसं त्यात घेतली होती. एक, साठी उलटलेली धडधाकट. दुसरी, विसरभोळेपणाचा आजार सुरू झालेली. तिसरी, डोक्याला जुना मार बसलेली. यात चेन्नईजवळच्या कोवलमचे दोन-तीन मच्छीमारही होते, नाव ओढताना दोर तुटून कपाळमोक्ष होता होता वाचलेले. प्रत्येकाचा फोटो दोनदा काढायचा, मधे दीड वर्ष जाऊ द्यायचं, आणि दोन फोटो शेजारी ठेवून मेंदू किती आकसला ते मोजायचं. दुसरा फोटो मिळाला नाही तर पहिला फुकट. म्हणून दुसऱ्या फोटोसाठी तो जीव टाकायचा. माणसासाठी नव्हे, फोटोसाठी. हा फरक मला कळायला वेळ लागला.

मामा आणि मामी आले ते विसरभोळ्यांच्या गटात. दोघंही तंजावरच्या मराठी घराण्यातली. मामा रेल्वेत नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झाले होते, वेस्ट मांबलमला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूल नव्हतं. मामींना विसरायला होऊ लागून वर्ष झालं होतं. दूध तापत ठेवून जात, आणि परवाच आलेल्या पाहुण्याला तुम्ही किती वर्षांनी आलात असं म्हणत.

मी मराठी आहे हे कळताच मामांचा चेहरा उजळला. त्यांनी आपल्या मराठीत बोलायला सुरुवात केली आणि मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. ती आमच्याकडची मराठी नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली, वाटेत तमिळ सूर लागलेली, पण कुठेही न सांडलेली भाषा होती ती. 'नको'ला 'नोको', 'सांगितलं'ला 'सांगिटलं', आणि मधेच 'तंबी', म्हणजे धाकट्या भावा, अशी तमिळ हाक. त्यांनी विचारलं, आमची मराठी तुला समजते ना? मी म्हटलं, समजते मामा. तिकडे मामा-मामी म्हणायची पद्धत तमिळ लोकांतही आहे, त्यामुळे ते नातं आपोआप जुळलं.

डॉक्टरने हे दुरून पाहिलं आणि लगेच माझ्या हातात संमतीचा फॉर्म दिला. तुझीच माणसं आहेत, तूच समजावून सांग, म्हणाला. फॉर्म इंग्रजीत होता. मामांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण चष्मा घरी राहिला होता आणि त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. मी एकेक ओळ वाचून सांगत गेलो. एक ओळ अशी होती की या तपासणीतून तुम्हाला स्वतःला काहीही उपचार किंवा फायदा मिळणार नाही. त्या ओळीशी मी आलो तेव्हा मामा मामींचा हात धरून बसले होते आणि म्हणत होते, "फोटोंत दिसलं म्हणजे औषध देतां येईल, नव्हे?"

मी ती ओळ अशी सांगितली: लगेच फायदा होईलच असं नाही, मामा, पण पुढे उपयोग होईल. पुढे कुणाला, ते सांगितलं नाही. मामांनी सही केली. रेल्वेच्या नकाशावर करत असतील तशी, सरळ, स्वच्छ सही. डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून गेला. त्या थापेचं मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

पहिला फोटो सहज झाला. अडचण फक्त मंगळसूत्राची आली. मशीनमध्ये धातू चालत नाही. सोन्याचं एक वेळ निभावतं, पण तिकडच्या बायकांप्रमाणे मामींनीही मंगळसूत्रात दोन-तीन लोखंडी पिना अडकवून ठेवल्या होत्या आणि डॉक्टरला गळ्याजवळ काहीच नको होतं. मामींनी मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला. तेव्हा मामांनी पिशवीतून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा काढला. ते तयारीनेच आले होते. त्यांनी आधी तो दोरा मामींच्या गळ्यात बांधला, मग मंगळसूत्र उतरवलं आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मामी लाजल्या. पुन्हा एकदा लग्न केलंत, असं काहीसं म्हणाल्या. आयाम्मा, म्हणजे तिथली म्हातारी मदतनीस, तीही हसली. मामी आत निजल्या, वीस मिनिटं दगडासारख्या स्थिर राहिल्या, आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "तूं जेवलास काय रे?"

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. महिन्यातून एखादा रविवार, सकाळचा. मांबलम स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. मामी जेवायला वाढायच्या. आंबट वरण, भात, एखादी पचडी. मीठ कधी दोनदा पडलेलं, कधी मुळीच नाही. मामा काही न बोलता खायचे, मीही खायचो. मी मामांना मेंदूच्या फोटोची एक फिल्म दिली होती, नियमाबाहेर. त्यांनी ती खिडकीच्या काचेला चिकटवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उजेडात दाखवायचे. हा पुढचा भाग, हा मागचा, हे मधलं काळं म्हणजे पाणी. जुन्या नकाशावर पूल आणि बोगदे दाखवावेत तसे. आणि दर वेळी मला विचारायचे की डॉक्टरांनी औषधाचं ठरवलं का. मी म्हणायचो, अभ्यास चालू आहे मामा.

दीड वर्ष व्हायला आलं तेव्हा मी फोन केला. मामांनी तारीख विचारली. मग म्हणाले, आतां तिला नोको, तंबी. मामी घराबाहेर पडत नव्हत्या. न्हाणीघराचं दार लावलं की घाबरत, म्हणून मामा दार उघडं ठेवून त्यांना आंघोळ घालत. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नव्हत्या. अंगावर पांघरूण तोंडापर्यंत आलं तरी ओरडत.

मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला की हीच तर केस आपल्याला हवी आहे. दीड वर्षात इतका फरक म्हणजे फोटोत केवढं दिसेल. तू बोल, तुझं ते ऐकतात. गाडी पाठवू, गोळी देऊन थोडी गुंगी आणू.

आणि मी बोललो. मी मामांना म्हटलं, दुसऱ्या फोटोशिवाय काही कळायचं नाही. हे वाक्य खोटं नव्हतं, पण ते मी ज्या कानांना ऐकवलं त्या कानांत त्याचा अर्थ औषध असा होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मामा तयार झाले.

तो रविवार उकाड्याचा होता. गाडीतून उतरताना मामी मामांना दोन्ही हातांनी धरून होत्या. केस विरळ झाले होते, खोबरेल तेल लावून चापून बसवले होते. मला पाहून त्या हसल्या, पण ओळख नव्हती त्या हसण्यात. डॉक्टरने मामांना नमस्कार केला, हात धरून चौकशी केली, आणि वरच्या मजल्यावर पाठवलं. मामींच्या रोजच्या वागण्याबद्दलची लांबलचक प्रश्नावली भरायची होती. अर्धा-पाऊण तास लागेल, तोवर इकडे आवरेल, असं म्हणाला. मामा जाताना दोनदा वळून पाहत गेले. पिवळा दोरा त्यांच्या पिशवीत होता आणि पिशवी त्यांच्याबरोबर वर गेली.

गोळीने गुंगी आली नाही, नुसता तोल गेला. आयाम्माने मामींचे कपडे बदलले आणि मंगळसूत्र काढलं. तिला काय ठाऊक. तिला धातू काढायला सांगितलं होतं, तिने काढला. मी काचेतून बघत होतो. दोरा बांधायला हवा हे मला आठवलं. मला आठवलं होतं, विसरलो होतो असं म्हणायचीही सोय नाही. पण डॉक्टर घड्याळाकडे बघत होता आणि मी काही बोललो नाही.

मी आत जाऊन मामींना टेबलावर निजवलं. कानांत बोळे घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजचे तुकडे खुपसले, कपाळावरून पट्टा ओढला आणि वर तो प्लास्टिकचा पिंजरा बसवला. हातात रबरी फुगा दिला. हा दाबला की बाहेर घंटा वाजते आणि आम्ही थांबतो, असं प्रत्येकाला सांगायचं असतं. मी त्यांना मराठीत सांगितलं. त्यांचा दुसरा हात गळ्यावर चाचपडत होता. मी तो हात खाली घेऊन अंगाशी पट्ट्याने बांधला. हालचाल नको म्हणून.

टेबल आत सरकलं. पहिली दोन मिनिटं नुसती तयारीची असतात, मशीन फार आवाज करत नाही, त्यामुळे आतलं बोलणं बाहेरच्या स्पीकरवर स्पष्ट येतं. मामी बोलू लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने. खोलीत मी, डॉक्टर आणि आयाम्मा. ती भाषा समजणारा मी एकटा.

त्या विचारत होत्या, आमचे गेले काय. गळां नाही, आमचे गेले काय. मला कोणी सांगिटलं नाही. मग म्हणाल्या, बाहेर काढा. मग पुन्हा पुन्हा एकच.

"मी मेलीं नाही. मला नेऊं नोका. मी मेलीं नाही."

घंटा वाजली. त्यांनी फुगा दाबला होता. माझा हात थांबवायच्या बटणाकडे गेला आणि डॉक्टरने माझं मनगट धरलं. त्याची बोटं तेव्हाही तेलकट होती. त्याने विचारलं, काय म्हणतेय ती?

मी म्हटलं, "काही नाही सर. स्तोत्र म्हणताहेत."

का म्हटलं? आज इतक्या वर्षांनी बसून कारणं काढता येतील. नोकरीची भीती होती, भाऊ होता, त्याच्यामुळे मिळालेली जागा होती. पण त्या क्षणी यातलं एकही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की मी खरं सांगितलं तर मला काहीतरी करावं लागेल. स्तोत्र म्हटलं तर करावं लागणार नाही.

डॉक्टरने घंटा बंद केली आणि स्पीकरची खुंटी खाली फिरवली. मुख्य फोटो सहा मिनिटांचा होता. मशीन ठोके देऊ लागलं. काचेपलीकडे मामींची पावलं फक्त दिसत होती, चादरीखाली एकमेकांवर घासत होती. डॉक्टरने डब्यातून वडा काढला. खाता खाता तो मला सांगत होता की आजचं सांबार पाणचट आहे.

फोटो हलला. सहा मिनिटांनी पडद्यावर आला तेव्हा कडा फिसकटलेल्या होत्या. त्याने पुन्हा काढायला सांगितलं. मी पुन्हा काढला. आणखी सहा मिनिटं. आयाम्मा मधेच उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला एक शब्द कळत नव्हता, स्पीकरही बंद होता, पण ती पावलं तिला दिसत होती. माझ्यापेक्षा ती बरी.

टेबल बाहेर काढलं तेव्हा वास आला. मामींचे कपडे, चादर, गादी, सगळं ओलं झालं होतं. डॉक्टर दारापर्यंत आला, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, "मशीनवर तर गेलं नाही ना? नीट बघ."

मी नीट पाहिलं. गुडघ्यावर बसून, बॅटरी घेऊन टेबलाच्या रुळांत पाहिलं. मामी तशाच पडून होत्या, पट्टा अजून कपाळावर होता, आणि मी मशीन कोरडं आहे का ते पाहत होतो. मग आयाम्माने मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि पट्टा सोडला. मी हात पुढे केला तेव्हा मामींनी तो झटकला नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि अंग चोरलं, मार खाल्लेलं जनावर चोरतं तसं.

मामा खाली आले तोवर आयाम्माने मामींना कोरडे कपडे घातले होते. मंगळसूत्र एका कागदी पाकिटात घालून मामांच्या हातात दिलं गेलं. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मामींच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, आणि तिथेच व्हरांड्यात घाईघाईने ते त्यांच्या गळ्यात घातलं. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या गालाला, हनुवटीला, कानाला हात लावून पाहू लागल्या. मामांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळत होता. फोटो चांगला आला ना, असं मामांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, फार सुंदर आला, आणि नाश्त्याचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

मी मशीन पुसलं. पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला खोबरेल तेल आणि लाळ लागली होती. पुसता पुसता मी तिथल्या बेसिनमध्ये ओकलो. पण ती ओकारी लाळेची नव्हती, तेलाची नव्हती, मुताची तर नव्हतीच. मिरजेपासून मी माणसांच्या अंगातून निघणारं सगळं पुसत आलो होतो, त्याने मला कधी काही झालं नव्हतं.

तरीही मी नोकरी सोडली नाही. हे सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झालो.

दोन महिन्यांनी इस्पितळाच्या सभागृहात डॉक्टरने आपलं काम बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर मांडलं. पडद्यावरची चित्रं सरकवायला मी होतो. मामींचे दोन फोटो शेजारी शेजारी आले. नाव नव्हतं, नुसता क्रमांक, पण मला ओळखायला क्रमांक लागत नव्हता. जिथे मेंदू पातळ झाला तिथे निळा रंग भरला होता आणि दुसऱ्या फोटोत निळंच निळं होतं. पाहुणे पुढे झुकून बघत होते.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. डोकं हललं की फोटोत मेंदूची साल आहे त्यापेक्षा पातळ दिसते. कडा पुसट होतात आणि मोजणारा संगणक पुसट कडेला मेंदू धरत नाही. म्हणून हललेला फोटो टाकून द्यायचा असतो. दुसऱ्या खेपेचाही फोटो हललेला होता, मी पाहिला होता. म्हणजे त्या निळ्यातला काही भाग आजाराचा होता आणि काही भाग नुसता मामींच्या घाबरण्याचा. त्यांचं थरथरणं त्याने रोग म्हणून मोजलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा वाकलो नाही. म्हटलं, सर, तो फोटो हललेला आहे, तो धरता येणार नाही. तो हात धूत होता. थोडंफार सगळेच हलतात, म्हणाला. मी म्हटलं, त्या स्तोत्र म्हणत नव्हत्या. आणि त्या काय म्हणत होत्या ते मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो शांतपणे ऐकत हात पुसत राहिला. मग म्हणाला की असं सांगायचं असतं तर त्याच दिवशी सांगायचं, तू सांगितलं असतंस तर मी थांबवलं असतं.

त्याने थांबवलं नसतं, याची मला खात्री आहे. पण ते वाक्य त्याच्या तोंडी जाण्याची सोय मी करून ठेवली होती. त्याची किळस करावी तर ती वाटेत माझ्यावरून जायची.

त्याच आठवड्यात मी वेस्ट मांबलमला गेलो. मामी आत झोपल्या होत्या. खिडकीला पहिली फिल्म अजून होती. मामांनी कॉफी दिली. मी ती खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. फॉर्ममधली ओळ, फोनवरचं वाक्य, दोरा, घंटा. मामी काय म्हणाल्या तेही जसंच्या तसं सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. मामा ऐकत होते. मला वाटलं होतं की ते डॉक्टरवर चिडतील, आणि मी त्या रागात त्यांच्या बाजूला उभा राहीन.

ते म्हणाले, "तुला आमची मराठी समजते, म्हणून मी निर्धास्त वर गेलों."

ते उठले, खिडकीवरची फिल्म काढली. चिकटपट्टी काचेवरच राहिली, ती नखाने खरवडत राहिले. मग माझ्याकडे न वळता त्यांनी तमिळमध्ये विचारलं की या अभ्यासातून नाव काढून घेता येतं का. तमिळमध्ये आदरार्थी 'नींगळ' म्हणून. तोवर मला ते 'तूं' म्हणत आले होते. मी मराठीत म्हटलं, येतं, फॉर्ममध्ये तसं लिहिलंय, ती ओळ मी वाचली होती. त्यांनी तमिळमध्येच सांगितलं की कागद आणतो. त्यानंतर ते माझ्याशी मराठीत कधी बोलले नाहीत.

त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. एकही कडू शब्द नव्हता त्यात. माझ्या पत्नीचे दोन्ही फोटो आणि त्यांवरून काढलेली मापं अभ्यासातून काढून टाकावीत, एवढंच. दोन प्रती केल्या. एक डॉक्टरला, दुसरी इस्पितळाच्या नीतिसमितीला, म्हणजे असे अभ्यास नियमाने चाललेत का हे पाहणाऱ्या मंडळींना. दोन्ही मी पोचवल्या, आणि समितीच्या पाकिटात माझंही पत्र घातलं. माझ्या पत्रात मी स्वतःलाही वगळलं नाही.

समितीने आम्हा दोघांना बोलावलं. चहा दिला. डॉक्टर म्हणाला की भाषेचा गैरसमज झाला. हे खोटं होतं आणि खरंही. मामींचे फोटो अभ्यासातून काढले गेले, तसं पत्र मामांना गेलं. त्याला समज देण्यात आली, म्हणजे नेमकं काय दिलं ते कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी अभ्यास छापून आला. शेवटी आभारांत माझं नाव होतं. ते पाहून मला जी शिसारी आली, ती बेसिनमधल्या ओकारीपेक्षा वाईट होती, कारण ती बाहेर पडत नव्हती. तोवर माझी बदली एक्स-रे विभागात झाली होती. तिथून मी राजीनामा दिला.

चेन्नई सोडायच्या आधी एकदा मामा मांबलम स्टेशनच्या पुलावर भेटले. मामी जाऊन तीन महिने झाले होते. मला कुणी कळवलं नव्हतं, कळवायचं कारणही नव्हतं. ते भाजीची पिशवी खाली ठेवून उभे राहिले. मीच विचारलं, शेवटी त्रास झाला का.

ते तमिळमध्ये सावकाश सांगत गेले. शेवटचे काही महिने मामी निजल्या की त्यांचा हात धरून बसावं लागे. झोपेतही त्या चाचपून पाहत, हात ऊन आहे का. गार लागला की रडत. म्हणून ते उन्हाळ्यातसुद्धा स्वतःचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून मग त्यांच्या हातात देत. हे आजाराने झालं की त्या दिवसामुळे, ते त्यांना कळलं नाही.

मी म्हटलं, मामा.

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली, आणि गर्दीतून जिना उतरू लागले. एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवून उतरत होते. पिशवी घ्यावी असं माझ्या मनात आलं. मी घेतली नाही. त्यांनी ती दिली नसती.